ठिपक्यांच्या झग्यातली साळुंकी

सोमवारी बेल दुप्पट लागे. त्यामुळे मे महिन्याच्या त्या शेवटच्या सोमवारीही रुद्राणी पाच वाजता उठली, स्टोव्हवर चहाचे आधण ठेवले आणि पुढच्या दाराची कडी काढली. जानकीबाई ओट्यावर येऊन बसलेलीच होती. धर्मापुरीच्या बाजूच्या रानात आदल्या संध्याकाळी खुडलेला बेल ओल्या धडप्यात बांधून ती पहिल्या जीपने परळीला आणत असे. गाठोडे सुटले की त्याचा ओलसर, किंचित कडवट वास पडवीभर पसरे.

रुद्राणी पोत्यावर बसली. उजवीकडे पाण्याची परात, डावीकडे सूप, मांडीवर फडके. एकेक पान ती उजेडाकडे धरून पाही. तिन्ही दले शाबूत हवीत. भोक नको, पांढरी रेघ नको. चांगले पान पाण्यात बुडवून पुसायचे, देठाची जाड गाठ नखाने खुडून टाकायची आणि पालथे रचायचे. मग अकरा, एकवीस, एकशे आठ अशा जुड्या केळीच्या सोपटाने बांधायच्या. नापास झालेली पाने सुपात जात. ती दुपारी शेजारच्या शेळीला मिळत. पूर्वी या पोत्यावर दोघी बहिणी बसत. थोरली कावेरी पाने पारखी, धाकटी रुद्राणी जुड्या बांधी. आता दोन्ही कामे एकटीकडे आली होती आणि तरीही वेळ पूर्वीएवढाच लागत होता. दोघी असताना निम्मा वेळ बोलण्यात जात असे, हे तिच्या उशिरा लक्षात आले होते.

"आज पान बारीक हाय, रुद्रा," जानकीबाई चहाची बशी फुंकत म्हणाली. "ऊन लई खातंय झाडाला."

"बारीक असू दे. शाबूत हाय ना?"

"शाबूत हाय. माझ्यापेक्षा शाबूत हाय."

आतल्या खोलीत तिच्या वडिलांची, वैजिनाथअप्पांची पूजा चालली होती. तळहातावरच्या इष्टलिंगावर पाण्याची धार सोडताना ते जे पुटपुटत, त्याची लय घरातल्या सगळ्यांना घड्याळासारखी झाली होती. पूजा आटोपली की कपाळाला विभूती लावून ते जुड्यांची टोपली घेत आणि देवळाच्या पायऱ्यांशी असलेले आपले दुकान उघडायला जात. बेल, विभूती, रुद्राक्ष, पेढे. तीन पिढ्या याच मालावर गेल्या होत्या.

साडेसहाला कावेरीची गिरिजा उठून आली. पाच वर्षांची, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. ती रुद्राणीच्या पाठीला टेकून बसली.

"मावशी, आज दाखवतेत ना?"

"रोजच दाखवतेत."

"मग आज आई कोणता झगा घालंल?"

"ठिपक्यांचा. तिला एकच झगा हाय."

"एकच कावून?"

"रंगवणाऱ्यानं एकच रंगवला."

जानकीबाईने बशी खाली ठेवली. कावेरीला जाऊन पावणेदोन वर्षे झाली, हे तिला ठाऊक होते.

*

मूळ खेळ दोघी बहिणींचा होता. रुद्राणी आठ वर्षांची असताना शाळेच्या मैदानात सरकारी प्रसिद्धी खात्याची जीप आली होती. पांढऱ्या पडद्यावर आधी पोलिओच्या लशीचे, मग खताचे असे दोन माहितीपट झाले आणि शेवटी दहा मिनिटांचे एक कार्टून. ते तेव्हाही जुनेच होते. काळे-पांढरे, चरे पडलेले, मधेच उडी मारणारे. दोन साळुंक्या बैलगाडीतून बाजाराला निघतात. एकीच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांचा झगा, दुसरीच्या अंगात ठिपक्याठिपक्यांचा. त्यांच्या चोची आधी हलत आणि शब्द थोडे मागून येत. मुले त्यालाच अधिक हसली होती.

दुसऱ्या दिवशी बेल निवडता निवडता कावेरी म्हणाली, "समज, आपण त्या कार्टूनात हाव."

तेवढ्यावर दहा वर्षे गेली. कावेरी ठिपक्यांची, रुद्राणी पट्ट्यांची. रोज एक नवा भाग. थर्मल वीजकेंद्राच्या सगळ्यात उंच धुराड्यावर साळुंक्या घरटे करतात, आणि खालच्या उबेने अंडी एका दिवसात फुटून पिल्ले दुपारीच शाळेत जातात. धर्मापुरीच्या देवळातल्या दगडी नर्तकीला एक पाय वर धरून आठशे वर्षे झालेली, तिला मुंग्या आलेल्या. साळुंक्या असे गाणे म्हणतात, की तिला घटकाभर पाय टेकता येतो. प्रत्येक भागात एक गाणे असलेच पाहिजे, असा कावेरीचा नियम होता. चाल ती लावी. शब्द अडले तर रुद्राणी पुरवी.

हीच गाणी पुढे गणपतीत गेली. मंडळाने भाड्याने कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आणले. निवेदकाने माइकवर "परळीची पहिली पॉप जोडी" असे पुकारले आणि मागून कोणी ओरडले, "पॉप म्हंजे काय बे?" "पहिलं ऐक, मग इचार," निवेदक म्हणाला. त्या वर्षी लहान मुले ती गाणी गल्लीत म्हणत फिरत होती. कावेरीचे लग्न सिरसाळ्याच्या केदारनाथशी झाले. त्याचे बी-बियाण्याचे दुकान होते, स्वभाव मऊ होता, आणि बायकोने गावे याचे त्याला कौतुक होते. ब्याण्णवच्या दिवाळीनंतर अप्पांनी ओळखीने औरंगाबादच्या एका छोट्या स्टुडिओत एक दिवस मिळवला. 'साळुंक्यांची जोडी' नावाची कॅसेट निघाली. वेष्टणावर दोघींचे फोटो आणि मधोमध पेंटरने काढलेल्या दोन साळुंक्या.

त्या दिवशी स्टुडिओत काय झाले, हे फक्त त्या दोघींना ठाऊक होते. कावेरीला चौथा महिना होता. बसमध्ये सहा वेळा ओकारी झाली आणि माइकसमोर उभी राहिली तेव्हा घशातून नुसती हवा निघाली. दिवस एकच होता. रुद्राणीने आधी आपला भाग म्हटला, मग आवाज जरा बारीक करून, शब्दांच्या शेवटांना कावेरीसारखी हलकी ओढ देऊन, तिचाही भाग म्हटला. काचेपलीकडे कावेरी स्टुलावर बसून हाताने ताल दाखवत राहिली. शेवटी तिला आत बोलावून कडव्यांमधल्या टाळ्या तेवढ्या घेतल्या.

"अप्पाला सांगू नको गं," परतताना ती म्हणाली होती. "त्यांनी लई हौसंनं केलंय. पुढच्या कॅसेटला मी दोघींचं म्हणीन, तू टाळ्या वाजव."

पुढची कॅसेट झाली नाही. शहाण्णवच्या श्रावणात कावेरीला कावीळ झाली. गावठी औषधात आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी अंबाजोगाईच्या वाटेवर, जीपमध्ये, ती गेली. सिरसाळ्याच्या शिवारात तिला समाधी दिली. तीन वर्षांच्या गिरिजाला आजी-आजोबा परळीला घेऊन आले.

आई देवाघरी गेली, असे मोठ्यांनी सांगितले. ज्या घराच्या दारातून देवळाचे शिखर दिसते, त्या घरात हे सांगणे चुकीचे ठरेल, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या दिवशी पोर घरातून नाहीशी झाली आणि दोन तासांनी सभामंडपात सापडली. दर्शनाच्या रांगेतल्या एकेका बाईच्या पदराला धरून ती तोंड पाहत होती.

त्या संध्याकाळी रुद्राणीने तिला मांडीवर घेतले आणि भीतीपोटी जे सुचले ते सांगितले. आई देवळात नाही. आई ठिपक्यांची साळुंकी झाली. ती कार्टूनमध्ये कामाला गेली. तिथे गाडी हाकते, गाणी म्हणते, लई काम असते.

पोरगी शांत झाली. हाच काय तो पुरावा, की थाप चांगली होती.

ती थाप विरून गेली असती. पण सत्त्याण्णवच्या दिवाळीत प्रवीण केबलवाल्याने एका बंद पडणाऱ्या व्हिडिओ लायब्ररीतून खोकेभर जुन्या टेप आणल्या. त्यातल्या एकीवर ते कार्टून होते. तेच. चित्र ठीक होते, आवाज पार मेलेला होता. प्रवीण आपल्या व्हीसीआरवरून गावापुरते एक चॅनेल चालवी. दुपारी सिनेमा, खालून दुकानांच्या जाहिराती, चार वाजता मुलांसाठी काहीतरी.

"ताई, तुमची कॅसेट द्या की," तो घरी येऊन म्हणाला. "मुकं चित्र कोण बघंल? तुमची गाणी टाकतो मागं. साळुंक्यांच्या चित्राला साळुंक्यांचं गाणं. कसं?"

रुद्राणीने कॅसेट दिली. तिला नाही म्हणता आले असते. पण दहा वर्षे जे बेलाच्या पानांशी बसून कल्पिले होते, ते एकदा पडद्यावर पाहावे, हा मोह तिच्याने आवरला नाही. पहिल्या दिवशी चार वाजता गाडी निघाली, चोची हलल्या, आणि किंचित मागून गाणे आले. गिरिजा उठली, टीव्हीजवळ गेली आणि ठिपक्यांच्या साळुंकीवर तळहात ठेवून उभी राहिली. काच गरम होती.

"आई हाय," ती मागे वळून म्हणाली. ती इतकी आनंदात होती, की तिच्या आजीने, शांतादेवींनी पदर तोंडाला लावला.

*

केदारनाथ त्या सोमवारी बाराच्या सुमाराला आला. पेरणी तोंडावर आली होती आणि दुकान टाकून येणे सोपे नव्हते, तरी तो आला होता. हातात नवे दप्तर होते, लाल, पितळी बकलाचे.

जेवण झाल्यावर तो अप्पांसमोर मांडी घालून बसला. "अप्पा, पंधरा जूनला शाळा भरंल. नाव घालून ठेवलंय. आई बी म्हणती, पोर आता आपल्या घरात पाहिजे. मी सकाळ-संध्याकाळ घरातच असतो. दुकान काय, उंबऱ्याला लागून हाय."

"पोर तुमचीच हाय, जावईबापू," शांतादेवी म्हणाल्या. "आमी कशाला अडवू? पण ती येती का, ते इचारा."

दीड वर्षापूर्वी रुद्राणीनेच बहिणीच्या जागी त्या घरात जावे, असा विषय निघाला होता. तेव्हा केदारनाथ शांतपणे म्हणाला होता, "तिची जागा रिकामी राहू द्या." रुद्राणीला त्याबद्दल त्याचे उपकार वाटत आले होते. पण पोरीला त्याने न्यावे, असे मात्र तिला कधीच वाटले नव्हते. आता ती भांडी घासता घासता ऐकत होती आणि गिरिजाच्या उत्तराची वाट पाहत होती. उत्तर काय येणार, हे तिला माहीत होते.

"गिरू, हे बघ दप्तर," केदारनाथ म्हणाला. "आपल्या गावाला शाळेत जायचं ना?"

"सिरसाळ्याला परविनमामाचं केबल न्हाई."

"टीव्ही तर हाय की, बाळा. मोठा हाय."

"त्याच्यात आई येत न्हाई."

हे ऐकून रुद्राणीला मोकळे वाटले. हातातली राख तशीच राहिली आणि त्या मोकळेपणाची तिला लाज वाटली. गेले सात महिने चार वाजताचे ते चित्र पोरीला परळीत धरून ठेवत होते, आणि ते तसे ठेवत आहे म्हणून ती ते चालू देत होती.

चारला दहा मिनिटे असताना केदारनाथ जायला उठला, मग पुन्हा बसला. "मी बी बघतो एकदा," तो म्हणाला.

गिरिजा टीव्हीपासून हातभर अंतरावर, त्याच्याकडे पाठ करून बसली. जाहिरात संपली. चऱ्यांच्या पावसातून गाडी आली. पट्ट्यांच्या साळुंकीने पहिली ओळ म्हटली. ठिपक्यांच्या साळुंकीने दुसरी उचलली आणि शेवटच्या अक्षराला हलकी ओढ दिली.

रुद्राणीने दारातून पाहिले. केदारनाथ चित्राकडे पाहतच नव्हता. त्याने डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी ओघळत होते. गाणे संपल्यावर त्याने उपरण्याने तोंड पुसले.

"इसरत चाललो होतो मी," तो हळूच म्हणाला. "आवाज आठवायचा प्रयत्न करायचो तर येतच नव्हता. असा होता व्हय. असाच होता न्हाई, रुद्राणी?"

तिला मान हलवावी लागली. नवऱ्याच्या मनातून कावेरीचा आवाज पुसला जात होता, आणि त्या जागी आता आपला आवाज जाऊन बसला, हे तिला दिसत होते.

तेवढ्यात गिरिजा वळली. तिच्या कपाळाला आठी होती.

"मावशी, पट्ट्यांची साळुंकी तू हाईस ना?"

"व्हय."

"मग तू इथं कशी?"

रुद्राणी चहाची बशी घेऊन पुढे आली.

"तुला सुट्टी भेटली का?"

"गिरू, च्या पिऊन घे."

"तुला सुट्टी भेटली, मग आईला कावून भेटना? तू एकटीच आलीस का तिला सोडून?"

अप्पांनी पंख्याकडे पाहिले. पोरीच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. हा प्रश्न तिने आजच विचारला असला, तरी तो कितीतरी दिवस तिच्याजवळ होता, हे स्पष्ट दिसत होते. रोज चार वाजता ती आईला पाहत होती, आणि रोज संध्याकाळी, आईला एकटीला कामावर ठेवून परत आलेल्या मावशीच्या हातचे जेवत होती.

केदारनाथने दप्तर भिंतीला टेकवून ठेवले. "पोरीला राहू द्या इथंच," तो म्हणाला. "एवढ्यात नको न्यायला. पुढच्या वर्षी बघू." चपला घालून तो बसच्या वाटेला लागला.

पुढच्या वर्षी. म्हणजे आणखी एक वर्ष पोर आपल्याजवळ. रुद्राणीने ते शब्द मनात दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या वेळी त्यांत गोडी राहिली नव्हती.

*

दिवेलागणीला शांतादेवी गिरिजाला घेऊन पायऱ्यांकडे गेल्या, तेव्हा रुद्राणीने लोखंडी पेटी उघडली. तळाशी, कावेरीच्या हळदीच्या साडीत गुंडाळलेली एक कॅसेट होती. वर काही लिहिलेले नव्हते. ब्याण्णवच्या नागपंचमीला कावेरी माहेरी आली होती, तेव्हा पडवीत बेल निवडताना दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर दोघींनी तालीम भरून घेतली होती. कावेरी गेल्यानंतर रुद्राणीने ती एकदाच ऐकली होती, तीही अर्धी. कोणाला दाखवली नव्हती. आपल्या वाट्याला तिचे एवढेच उरले, असे ती स्वतःला सांगत आली होती.

आता तिने ती शेवटपर्यंत ऐकली. परातीतले पाणी, लांबची घंटा, रस्त्यावरची सायकल. कावेरीचा खरा आवाज कॅसेटवरच्या आवाजाहून जाड होता. ती वरच्या सुराला पोचत नव्हती, खोकत होती, ओळ विसरत होती. शेवटच्या अक्षराला ओढ होती, पण रुद्राणीने केली होती तशी नाही. थोडी आळशी, हसण्याच्या कडेवरची. रुद्राणीलाही ती नीट आठवत नव्हती. तिने जी नक्कल केली होती, तीच तिला खरी वाटू लागली होती.

तिने कॅसेट मागे गुंडाळून घेतली आणि पिशवीत घातली.

मंगळवारी सकाळी जुड्या बांधून झाल्यावर ती प्रवीणच्या खोलीवर गेली. वायरींच्या भेंडोळ्यात बसून तो व्हीसीआरचे डोके स्पिरिटने पुसत होता.

"प्रवीण, आमची कॅसेट परत दे."

"का हो ताई? काय चुकलं का?"

"चुकलं न्हाई. चित्र दाखव. गाणं नको."

"मुकंच?" तो हसला. "तुमच्या साळुंक्या मुक्या केल्या तर गल्लीतली पोरं माझी वायर कापतील. अख्खी परळी वळखती तुमाला आता. मंगल कार्यालयवाले इचारत होते, ताई गातील का म्हणून."

"दुसरं कायबी गाणं टाक. आमचं नको."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू आवरले. डेकमधून कॅसेट काढून त्याने फुंकर मारली, डबीत घातली आणि दोन्ही हातांनी तिला दिली.

घरी येऊन तिने आईला सांगितले, की उद्याच्या नऊच्या बसने गिरूला सिरसाळ्याला सोडते. शांतादेवी ज्वारी पाखडत होत्या. त्यांचे सूप थांबले.

"तुझ्याबिगर राहील का ती?"

"राहील."

"अन् तू गं?"

रुद्राणीने गिरिजाचे चार झगे घडी करून एकावर एक ठेवले. "सोमवारी बेल जास्त लागतो," ती म्हणाली. "जानकीबाईला सांग, एक फांदी वाढव म्हणून."

*

बुधवारी सिरसाळ्याच्या फाट्यावर उतरल्यावर ती गावात शिरली नाही. गिरिजाचा हात धरून, दप्तर आणि पिशवी खांद्याला लावून ती शिवाराच्या वाटेने गेली. लिंगायतांच्या समाध्या ओढ्याच्या अलीकडे, दोन बाभळींच्या सावलीत होत्या. कावेरीच्या ओट्यावर चुना मारलेला होता. वर छोटा नंदी. कोणीतरी अलीकडेच झाडून घेतले होते. केदारनाथ येत असावा.

रुद्राणीने पदराच्या गाठीतून अकरा पानांची जुडी काढून गिरिजाच्या हातात दिली.

"गिरू, मी तुला खोटं सांगितलं होतं. आई कार्टूनात न्हाई. त्या नुसत्या काढलेल्या साळुंक्या हाईत. आई आजारी पडली आन मेली. ती इथं हाय."

पोरीने ओट्याकडे पाहिले. "खाली?"

"खाली."

"झोपलीय का?"

"न्हाई. आपल्यात बसवतेत. बसलीय."

गिरिजाने विचार केला. "बसून बसून कंटाळा येत असंल."

"मेल्यावर येत न्हाई."

"सुट्टी?"

"सुट्टी नसती. परत येता येत न्हाई. मी तिला सोडून आले न्हाई, गिरू. तीच गेली. मला न्यायलाच आलं न्हाई तिला."

गिरिजाने जुडी नंदीसमोर ठेवली. मग सोपट सोडून पाने एकेक करून पालथी मांडली, मावशी मांडते तशी. तिने तोंड वाकडे केले नाही. फाट्यापर्यंत परत येताना मात्र तिने एकाएकी रस्त्यात बसकण मारली आणि ती इतक्या मोठ्याने रडली, की एका बैलगाडीवाल्याने गाडी थांबवली. रुद्राणी तिच्याशेजारी मातीत बसून राहिली. गप्प कर, असे तिने सांगितले नाही.

केदारनाथ दुकानात पोती रचत होता. दोघींना दारात पाहून त्याने पोती ओढायचा हातातला आकडा खाली ठेवला. रुद्राणी उंबऱ्याच्या आत आली आणि बसण्याआधीच बोलली, कारण बसल्यावर बोलणे जमले नसते.

"दाजी, परवा तुमी ऐकला तो आवाज माझा होता. त्या कॅसेटवर दोन्ही आवाज माझेच हाईत. आक्काला दिवस गेले होते, घसा बसला होता. तिच्या फक्त टाळ्या हाईत."

तिने पिशवीतून नाव नसलेली कॅसेट काढून फळीवरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबले.

परातीतले पाणी वाजले. लांब घंटा झाली. मग जाड, बेसावध आवाजात कोणी ओळ उचलली, मधेच विसरली आणि हसली. "थांब गं रुद्रे, परत घेऊ. हे पान बघ, भोक पडलंय, अन् तू जुडीत घातलंस."

केदारनाथ पोत्यावर बसला.

"ही कोण?" गिरिजाने विचारले. "ही आई न्हाई."

टेपमधली बाई खोकली, पाणी प्यायली, पुन्हा म्हणू लागली. गिरिजा बापाच्या तोंडाकडे पाहत होती. त्याने डोळे मिटले नव्हते. तो त्या काळ्या डब्याकडे असा पाहत होता, जणू तो डबा क्षणात उठून त्याला नावाने हाक मारेल. पोर एक पाऊल पुढे गेली, मग दुसरे. त्याच्या गुडघ्याला हात लावून तिने हळू आवाजात पुन्हा विचारले, या वेळी त्यालाच.

"आई हाय का?"

"व्हय," तो म्हणाला. "अशी होती बघ."

गिरिजा त्याच्याशेजारी पोत्यावर चढून बसली आणि ऐकू लागली.

रुद्राणीने दप्तर खुंटीला लावले. चार झग्यांची घडी आतल्या कोनाड्यात ठेवली. केदारनाथच्या आईला, सुभद्राबाईंना, स्वयंपाकघरात जाऊन सांगितले, की पोरीला भात गरम लागतो आणि निजताना केसांतून हात फिरवावा लागतो. त्यांनी जेवून जा म्हटले. तिने मान हलवून नको म्हटले.

पुढे दुकानात टेप चालूच होती. आता दोघी बहिणी एकदम म्हणत होत्या, एक जाड आवाज आणि एक बारीक, एकमेकींच्या मागेपुढे. रुद्राणीने मागच्या दाराशी चपला घातल्या, कडी वाजू नये म्हणून हाताने धरून दार ओढून घेतले आणि परळीच्या बससाठी फाट्याकडे चालू लागली.